मदत हवी आहे: श्रद्धा उरली नाही, आणि वडिलांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलंय

नमस्कार मंडळी. आमचं घर वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास, संध्याकाळी हरिपाठ, हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. माझ्या भाच्याला जन्मापासून चालता येत नाही. एका कीर्तनकारांनी ताईच्या तोंडावर सांगितलं, "मागच्या जन्मीचं भोगतंय पोर." ताई काही बोलली नाही, नुसती त्याच्या पायातला मोजा सारखा करत राहिली. तेव्हापासून पुनर्जन्म, पापपुण्याचा हिशेब, पिंडाला कावळा शिवणं, सगळंच तपासून पाहायला लागलो आणि एकेक करत पटेनासं झालं. विठ्ठलाविषयीची ओढ मात्र तशीच आहे. तिचं काय करायचं, तेही कळत नाही.

आता पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. न पटणारा विधी नुसता उरकणं म्हणजे वडिलांशी खोटं वागणं वाटतं. आईला सांगावं तर ती खचेल. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, आणि पुरोहिताशिवाय विधी करण्याची वाट तेव्हाच घालून दिली. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशा रीतीने स्मरण होतं का? त्या दिवशी नेमकं काय करता? घरातल्या मोठ्यांशी बोलायला सुरुवात कशी केलीत? आगरकरांचे निबंध वाचतोय, आणखी काय वाचू? "शंका घेऊ नकोस" किंवा "सगळं सोडून दे" एवढंच कृपया सांगू नका. देव न मानताही वारीला जाणारं कुणी इथे असेल, तर त्यांनी जरूर लिहा.