हिस्टोग्रामच्या टोकाची उभी रेघ: नवा पर्याय घ्यायचा का?

मुलुंड_लोकल: मॅटप्लॉटलिबवर (पायथनमधलं आलेख काढायचं साधन) बसवलेल्या आपल्या छोट्या लायब्ररीत 'शेवटची_रेघ=नको' असा पर्याय सुचवणारी पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारायची विनंती) आली आहे. सांताक्रूझ आणि कुलाब्याच्या रोजच्या पावसाचा संचयी हिस्टोग्राम (अमुक मिमीपर्यंतच्या दिवसांचा चढत जाणारा वाटा दाखवणारा आलेख) 'स्टेप' म्हणजे नुसत्या पायऱ्यांच्या रेघेच्या प्रकारात काढला की वक्र १ वर पोचतो आणि उजव्या टोकाला धाडकन शून्यावर येतो; ती उभी रेघ या पर्यायाने जाते. बदल वीसेक ओळींचा आहे. घेऊ का?

दादर_पश्चिम: नको. ओळी वीस असतील, पण निस्तरायचं किती ते बघा. 'क्युम्युलेटिव्ह=-१' (उलट बाजूने बेरीज) दिलं की नको असलेली रेघ डावीकडे जाते. मांडणी आडवी केली की ती उभी राहतच नाही. 'स्टेपफिल्ड'मध्ये, म्हणजे आत रंग भरलेल्या प्रकारात, तो कोपरा गाळला तर रंगाची कड तिरकी होते. प्रत्येकाची टेस्ट कोण लिहिणार?

आणि सोय आधीच आहे. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या 'हिस्टोग्राम'कडून मोजणी आणि बिनच्या (गटांच्या) कडा घ्या, 'कमसम' (चढती बेरीज) करा, एकूण दिवसांनी भागा, मॅटप्लॉटलिबच्या पायऱ्या काढणाऱ्या 'स्टेअर्स'ला 'बेसलाइन=नन' द्या. दोन्ही टोकं मोकळी. मॅटप्लॉटलिबची आवृत्ती ३.४ किंवा पुढची हवी, एवढंच.

परळ_डेटा: 'पॅचेस[०]'चा (हिस्टोग्रामने परत दिलेल्या पहिल्या आकाराचा) शेवटचा बिंदू 'सेट_एक्सवाय'ने गाळायची जुनी युक्ती मात्र डॉक्समध्ये घालू नका. दोन स्थानकं एकदम दिली की तिथे पॉलिगॉनऐवजी यादी मिळते आणि एरर येते.

खरा घोळ रेघेत नाही, बिनमध्ये आहे. कडा ० ते २०० ठेवल्या तर २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिमी मोजणीतून गुपचूप गळतात. वर 'डेन्सिटी=ट्रू' (मोजलेल्या दिवसांची बेरीज १ धरणं) असेल तर उरलेल्या दिवसांवरच भागाकार होतो आणि वक्र ऐटीत १ गाठतो. एकूण दिवसांनी भागलं की तो १ च्या खाली अडकतो, चूक लगेच दिसते. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिमी होता, म्हणजे दोन्हीकडून सारखेच दिवस गळतील असंही नाही. कडा हवामान विभागाच्या वर्गवारीप्रमाणे ०, ६४.५, ११५.६, २०४.५ घ्या आणि शेवटची १००० ठेवा.

दादर_पश्चिम: बिन हवेतच असं नसेल तर ३.८ पासूनचं 'ईसीडीएफ' (प्रत्येक नोंदीगणिक चढणारा संचयी वक्र) वापरा. 'कॉम्प्लिमेंटरी=ट्रू' दिलं की अमुक मिमीच्या वरच्या दिवसांचा वाटा किती, ते थेट वाचता येतं. फक्त नोंद नसलेले दिवस आधी काढा, 'नॅन' त्याला चालत नाही.

मुलुंड_लोकल: ठीक. रिक्वेस्ट बंद करतो, पण पाठवणाऱ्यालाच 'स्टेअर्स'ची कृती डॉक्ससाठी लिहायला सांगतो. ९४४ चं उदाहरण त्यात हवंच.