मदत हवी आहे: बुरशी धरलेल्या सव्वापाच इंची फ्लॉपी कशा वाचायच्या?

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या संगणकांच्या हौशी क्लबकडे सव्वापाच इंची फ्लॉपींचा खोका आलाय. बहुतेक ३६० केबीच्या, आत वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रामच्या फाइली असाव्यात. काहींच्या आवरणातल्या, हेड टेकतं त्या खिडकीतून पांढरट बुरशी दिसते. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर वाचणारं हेड माखतं आणि पुढच्या चांगल्या चकतीवरही ओरखडे उठतात, म्हणून अजून एकही घातलेली नाही. (उत्साही सदस्यांना आवरणं हेच सध्या खरं काम!)

हाताशी १.२ एमबीचा ड्राइव्ह आणि ग्रीसवीझल (जुना फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीने आजच्या संगणकाला जोडणारं कार्ड) आहे. या ड्राइव्हचं ८० ट्रॅकचं (ट्रॅक म्हणजे चकतीवरची गोल पट्टी) अरुंद हेड ३६० केबीची, ४० ट्रॅकची फ्लॉपी वाचायला चालतं, लिहायला गेलं की घोळ. पण आम्हाला लिहायचं नाहीच, लिहिणं रोखायला कडेच्या खाचेवर पट्टी चिकटवूनच वाचणार.

आता प्रश्न. आवरणाची कड कापून चकती बाहेर काढून धुवावी, की खिडकीतूनच आयसोप्रोपिल अल्कोहोलने फिरवत फिरवत पुसलं तरी भागतं? पुसताना चुंबकीय थरच सुटू लागला तर काय करता? आणि खराब सेक्टर (चकतीचे न वाचता येणारे भाग) फार निघाले, तर मूळ ३६० केबीचा ड्राइव्ह शोधल्याने खरंच फरक पडतो का? स्वतः करून पाहिलेल्यांनी जरूर सांगा.