६४ बिट संगणकावर ३२ बिट ब्राउझर: हा हट्ट कशासाठी?

सह्यकडा:
लिनक्स प्रणालीसाठीचा ३२ बिट फायरफॉक्स ब्राउझर १४४ व्या आवृत्तीवर थांबवण्याचा निर्णय मोझिलाने २०२५ मध्ये जाहीर केला. ३२ बिटवाल्यांना (बिटांचा आकडा म्हणजे प्रोसेसर एका दमात हाताळतो त्या संख्येची लांबी) ईएसआर १४० या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, असेही सांगितले. त्यावर ‘जुन्या संगणकांना वाऱ्यावर सोडले’ अशी ओरड होते आहे. बहुतेकांच्या बाबतीत ती गैरलागू आहे, असे माझे मत आहे. २००६ साली आलेला कोअर २ ड्युओसुद्धा ६४ बिट प्रोसेसर आहे. त्यावर ३२ बिट प्रणाली बसवली जाते ती ‘यंत्र जुने आहे, हलके काहीतरी घालू’ या समजुतीने. ६४ बिट ब्राउझरला सर्वसाधारण वापराची रजिस्टरे (प्रोसेसरमधील अतिवेगवान छोटे कप्पे) आठाऐवजी सोळा मिळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मेमरीतील पत्त्यांचा पसारा इतका मोठा होतो की प्रोग्रामचे भाग दर वेळी वेगळ्या जागी ठेवून हल्लेखोराला चकवण्याची युक्ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. ३२ बिटमध्ये जागाच तोकडी असल्याने अंदाज बांधत ते भाग हुडकता येतात. ज्या प्रोग्रामातून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच्यासाठी ६४ बिटकडे वळायला एवढे कारण मला पुरेसे वाटते.

अर्धविराम:
सुरक्षेचा मुद्दा मान्य. पण २ जीबी मेमरीच्या यंत्राचे काय, याबद्दल आपण काहीच लिहिले नाही. ६४ बिट प्रोग्रामात प्रत्येक पॉइंटर (मेमरीतील जागेचा साठवलेला पत्ता) चार बाइटांऐवजी आठ बाइटांचा होतो आणि ब्राउझरच्या मेमरीत पॉइंटरांचा सुळसुळाट असतो. हा खर्च किरकोळ असता, तर क्रोमच्या व्ही८ इंजिनाने (संकेतस्थळांतील जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या भागाने) २०२० मध्ये ६४ बिट पॉइंटर ३२ बिटांत बसवण्याचा खटाटोप केलाच नसता. त्यातून इंजिनाची हीप मेमरी (चालताना लागेल तशी घेतलेली मेमरी) ४३ टक्क्यांपर्यंत घटली, असे त्या चमूनेच जाहीर केले होते. मोझिलानेही २०१७ मध्ये विंडोजवर ६४ बिट आवृत्ती आपोआप द्यायला सुरुवात केली, तेव्हा कमी मेमरीची यंत्रे वगळली होती. शिवाय ३२ बिटची ४ जीबीची मर्यादा एका प्रक्रियेपुरती (स्वतंत्रपणे चालणाऱ्या एका प्रोग्रामापुरती) असते आणि आता वेगवेगळी संकेतस्थळे वेगवेगळ्या प्रक्रियांत चालतात. ती मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी २ जीबीचे यंत्र स्वॅप करत (मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवत) बसलेले असेल.

सह्यकडा:
व्ही८चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे: तोटा बराचसा भरून निघाला आणि फायदे शाबूत राहिले. वेबअसेम्ब्लीचाही (ब्राउझरमध्ये वेगाने चालणाऱ्या, आधीच रूपांतरित केलेल्या प्रोग्रामांच्या तंत्राचाही) विचार करावा. ६४ बिटमध्ये इंजिन पत्त्यांचा काही जीबींचा पट्टा नुसता राखून ठेवते (प्रत्यक्ष मेमरी न वापरता), त्यामुळे वाचनाची जागा हद्दीत आहे की नाही, हे दर वेळी तपासावे लागत नाही. ३२ बिटमध्ये असा पट्टा राखायला जागाच नसल्याने ती तपासणी चुकत नाही.

कोरा कागद:
इतिहास पाहता अर्धविराम यांचा सावधपणा मला रास्त वाटतो. २०११ मधील इंटरनेट एक्सप्लोरर ९ ची ६४ बिट आवृत्ती ३२ बिटपेक्षा मंद होती, कारण जावास्क्रिप्टचे तत्काळ यंत्रसंकेतांत रूपांतर करणारा भाग फक्त ३२ बिटमध्ये होता. लिनक्सवर तर ६४ बिट ब्राउझरमध्ये ३२ बिट फ्लॅश हा प्लगइन (ब्राउझरला जोडायचा पूरक प्रोग्राम) चालवण्यासाठी एनएसप्लगइनरॅपर या मध्यस्थ प्रोग्रामाची कसरत अनेकांनी केली. रीतसर ६४ बिट फ्लॅश ऑक्टोबर २०११ मध्ये ११ व्या आवृत्तीबरोबर आला. विंडोजसाठीचा स्थिर ६४ बिट फायरफॉक्स तर डिसेंबर २०१५ पर्यंत नव्हताच.

पारावरचा मुंजा:
ते अडथळे प्लगइनांबरोबरच गेले, कोरा कागद. फ्लॅशही २०२० च्या अखेरीस संपला. आज ‘नेटिव्ह’ (म्हणजे त्याच प्रोसेसरसाठी बांधलेले) असण्याला किती महत्त्व आहे, हे पाहायचे तर एआरएम या इंटेलहून वेगळ्या धाटणीच्या प्रोसेसरवरचे विंडोज पाहावे. मार्च २०२४ मध्ये एआरएमसाठीचा क्रोम येईपर्यंत तिथे इंटेलसाठी बांधलेला क्रोम अनुकरणाने (प्रणालीने इंटेलचे सोंग घेऊन) चालत असे. ब्राउझर स्वतःच जावास्क्रिप्टमधून यंत्रसंकेत तयार करतो. अनुकरणात ते इंटेलचे निघत आणि प्रणाली त्यांचे पुन्हा एआरएममध्ये भाषांतर करी. एवढ्या द्राविडी प्राणायामात वेग आणि बॅटरी दोन्ही खर्ची पडतात, म्हणून बिटांच्या संख्येपेक्षा ब्राउझर प्रोसेसरच्या जातकुळीचा आहे की नाही, हे मी आधी पाहीन. खरी अडचण आहे ती २००८ च्या सुमाराच्या नेटबुकांची (छोट्या, स्वस्त लॅपटॉपांची). त्यांतला अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर निव्वळ ३२ बिट आहे. तिथे सह्यकडा यांचा सल्ला लागूच पडत नाही.

सह्यकडा:
एन२७० च्या मालकांशी माझा वाद नाही. पण ते यंत्र आजची संकेतस्थळे उघडताना ज्या प्रकारे धापा टाकते, ते पाहता ईएसआर १४० ची मुदत ही त्याची मुख्य अडचण नव्हे. इतरांनी टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा चालवून प्रोसेसर ६४ बिट चालवतो का ते पाहावे आणि चालवत असेल तर प्रणालीच नव्याने बसवावी.

अर्धविराम:
लिनक्सवर तसे करणाऱ्यांनी झेडरॅम सुरू करावे, म्हणजे स्वॅप डिस्कवर जाण्याऐवजी आकुंचित होऊन मेमरीतच राहील. २ जीबीत ६४ बिट फायरफॉक्स सुसह्य होईल तो त्यानेच. विंडोजवर मात्र ३२ बिट आवृत्त्या अजून मिळतात, आणि २ जीबीच्या यंत्रावर मी त्यांपैकीच एक बसवीन.