'मन घट्ट करा' हे सांगणं कितपत बरोबर?

रामबागकर:
आमच्या गल्लीच्या गणपतीची वर्गणी वर्षानुवर्षं बाबांच्या वहीत. यंदा तीच बेरीज चार-चार वेळा करतात आणि दरवेळी हातचा विसरतात. तीन महिने झाले, मन पार खचलंय. नैराश्याचं औषध सुरू आहे. घरी येणारा जो तो म्हणतो, 'मन घट्ट करा.' मला हे ऐकवत नाही.

डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक कागद धरला. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत. सांगायचा शाईचा रंग. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये मांडलेली चाचणी. जिभेवर आलेलं 'लाल' आवरून 'हिरवा' म्हणायला मेंदूच्या पुढच्या भागाला जोर लावावा लागतो. आपणही जरा अडखळतो. बाबा तर कागदाकडे बघतच राहिले. मन आवरायचं कामही बरंचसं त्याच भागाचं. जे थकलंय त्यालाच आपण आणखी राबवतोय.

लोकमान्यनगरच्या काकू:
बाबांना लवकर बरं वाटो. पण मला हे पटत नाही. आमचे हे गेले तेव्हा मीही दोन महिने भिंतीकडे बघत बसले होते. डब्यांचं काम होतं म्हणून पहाटे पाचला उठावं लागायचं, कणीक मळावी लागायची. त्या कणकेनं मला उभं केलं. 'मेंदूतलं रसायन बिघडलंय' असं कोणी सांगितलं असतं, तर मी अंथरुणातच राहिले असते. आणि सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी म्हणून नैराश्य, हे तरी कुठे सिद्ध झालंय? २०२२ मध्ये जुन्या संशोधनांचा मोठा आढावा निघाला, त्यात तसा ठोस पुरावा मिळाला नाही.

राजेंद्रनगरवाली:
काकू, आढाव्याचं खरं आहे. गोळीनं सेरोटोनिनवर परिणाम काही तासांत सुरू होतो, मन उजळायला मात्र आठवडे लागतात. म्हणजे 'कमी पडलं, भरून काढलं' इतकं ते सोपं नाहीच. पण म्हणून हातचा विसरणं खोटं ठरत नाही. डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचंच बघा, मेंदूच्या त्या पुढच्या भागात ते कमी झालं तरी काम बिघडतं, फार वाढलं तरी बिघडतं. त्यात तेच तेच विचार डोक्यात घोळत असले की आकडे धरून ठेवायला जागा उरते कुठे? रामबागकर, औषध मनानं बंद करू नका, एवढं बघा.

लोकमान्यनगरच्या काकू:
औषध बंद करा असं मी कुठे म्हटलं? वही काढून घेऊ नका, एवढंच म्हणते. माणूस रिकामा बसला की अजून खचतो.

रामबागकर:
काकू, वहीचं मानलं. मी ती काढूनच घेणार होतो. 'मन घट्ट करा' मात्र अजूनही मान्य नाही. तुम्हाला कणकेनं उठवलं, कोणाच्या उपदेशानं नाही.

काल संध्याकाळी वही मधे ठेवून दोघं बसलो. ते एकेक रक्कम वाचत गेले, हातचा मी धरला. सात पानं झाली. आठव्याला म्हणाले, 'आता उद्या.'