फिगमा आलं म्हणजे यूएक्स डिझायनर झालं का?

गंगापूररोडकर:
काल इथे एकाने लिहिलं, "तीन महिने फिगमा शिका, पोर्टफोलिओत दोन अ‍ॅपचं रीडिझाइन टाका, झालात यूएक्स डिझायनर. डिग्री-बिग्री सगळं थोतांड." (यूएक्स म्हणजे यूजर एक्सपिरियन्स, वापरणाऱ्याचा अनुभव; फिगमा हे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर.) खाली पोरांची रांग, कोर्सची लिंक द्या म्हणून. डोकं भणभणलं, म्हणून लिहितोय.

अकरा वर्षं याच कामात आहे, मुलाखती घेतो. स्क्रीन देखण्या असतात. मी विचारतो, हे बटण इथेच का? "सर, सगळे असंच ठेवतात." कुणाच्या हातात देऊन पाहिलंस? "पर्सोना केला होता." म्हणजे वापरणाऱ्याचं काल्पनिक व्यक्तिचित्र. प्रत्येकाच्या पर्सोनात तोच राहुल, वय २८, मुंबईत नोकरी, प्रवासाची आवड. मग अ‍ॅप सिन्नरच्या किराणा दुकानदारासाठी का असेना!

डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन १९९३ मध्ये अ‍ॅपलमध्ये गेले, तेव्हा त्यांनी आपल्या पदाच्या नावातच 'यूजर एक्सपिरियन्स' घातलं. त्यांचं शिक्षण आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं, मग मानसशास्त्रात डॉक्टरेट. माणूस कुठे अडखळतो आणि का, हे कळणं हेच मूळ काम. फिगमा ही नुसती पेन्सिल आहे.

निफाडची लेक:
सर, राग फिगमावर आहे की आमच्यावर? गारपिटीत आमची द्राक्षबाग गेली, त्याच वर्षी माझी बारावी. डिझाइन कॉलेजची फी ऐकून बाबा दोन दिवस बोलले नव्हते. मी मुक्त विद्यापीठातून बीए केलं आणि असाच तीन महिन्यांचा कोर्स केला.

पहिलं काम शेतमाल नोंदवायच्या अ‍ॅपचं. टीममधले दोघं डिझाइनची डिग्री घेतलेले. टोमॅटोच्या नोंदीत रकाना 'वजन (किलो)'. मी पिंपळगावला जाऊन एका काकांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी ५० टाकले. त्यांचे ५० क्रेट, म्हणजे १,००० किलो. अ‍ॅपने धरले ५० किलो! बाजारात टोमॅटो वीस किलोच्या क्रेटवर बोलला जातो, हे त्या दोघांना कोणत्या सेमिस्टरला शिकवलं होतं?

मुंबईनाका:
ताई, क्रेट तुम्हाला माहीत होता म्हणून जमलं. उद्या डायलिसिस युनिटचं काम आलं तर? तिथे घरचं ज्ञान चालत नाही, पद्धत लागते. मी मेकॅनिकल करून सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा दिली, एम.डेस. म्हणजे डिझाइनमधली मास्टर्स केली. पहिल्याच असाइनमेंटला एका तिकीट खिडकीसमोर दिवसभर बसवलं होतं, बोलायचं नाही, फक्त लिहायचं. ती सवय तीन महिन्यांत लागत नाही.

निफाडची लेक:
मीही पिंपळगावात दिवसभर बसूनच लिहीत होते, दादा. मला कुणी मार्क दिले नाहीत, एवढाच फरक.

शिरोरेखा:
तुमची डिग्री आणि कोर्स दोन्ही बाजूला ठेवा. नाशिकमध्ये बसून मराठी लोकांसाठी अ‍ॅप करता आणि सगळं डिझाइन इंग्रजीत! शेवटच्या आठवड्यात भाषांतर ओततात. इंग्रजीच्या ओळीची उंची तशीच, त्यामुळे 'पूर्ण' शब्दाचा रफार वरून छाटला जातो आणि ऊकार खालून. 'सेव्ह'च्या मापाच्या बटणात 'जतन करा' मावत नाही, मग तीन टिंबं. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहे. तरी आपल्या स्क्रीनवर हिंदी वळणाचे ल आणि श. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं आहेत, तिथे भाषेचा कोड 'एमआर' दिला की ती येतात. एवढंही कुणी करत नाही.

मुंबईनाका:
विषय शिक्षणाचा चाललाय. ल-श कुठून आला मध्येच?

शिरोरेखा:
मध्येच? माझ्या आईला बँकेचं अ‍ॅप मराठीत करून दिलं. 'लाभार्थी जोडा' हा शब्द अर्धा कापलेला. ती घाबरून पैसे पाठवायला अजूनही शाखेत रांग लावते, वय ७१. तुमच्या एम.डेस.मध्ये देवनागरीवर किती तास होते, ते सांगा.

मुंबईनाका:
आवाज चढवू नका. माझ्या आईचेही हेच हाल आहेत.
तास होते टायपोग्राफीचे, बहुतेक रोमन लिपीवरच. हे मान्य करावं लागतंय.

गंगापूररोडकर:
देवनागरीचं वेगळा धागा काढून लिहा, मी येतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. निफाडच्या ताईंनी केलं ते डिझाइनच, शंभर टक्के. पण ते कोर्सने शिकवलं नाही, त्या स्वतः उठून बाजारात गेल्या. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन पाच जणांवर चाचणी घ्या म्हणतात, बहुतेक मोठ्या चुका तेवढ्यात सापडतात. पाच माणसं तर सीबीएस स्टँडवर बस येईपर्यंत भेटतील! कालच्या त्या पोस्टमध्ये एकाही माणसाला भेटायला सांगितलेलं नव्हतं, माझा राग त्यावर आहे.

निफाडची लेक:
मग तुमच्या टीमच्या जाहिरातीत 'बी.डेस. किंवा बी.ई. अनिवार्य' का? मी मार्चमध्ये अर्ज केला होता. क्रेटची सगळी गोष्ट त्यात लिहिली होती, फोटोंसकट. उत्तर आलं, पात्रता नाही.

गंगापूररोडकर:
तो अर्ज माझ्यापर्यंत आला नाही. ती ओळ मी लिहिलेली नाही, पण तीन वर्षं वाचतोय आणि काढायला सांगितली नाही, हे खरं. सोमवारी सांगतो.

निफाडची लेक:
मंगळवारी जाहिरात उघडून बघेन.