सायकल हातात धरून चढलेले चढ

साताऱ्यात नव्यानं सायकल घेणाऱ्याची पंचाईत अशी, की घराबाहेर पडलं की एक तर उतार लागतो नाहीतर चढ. उतारानं निघालात तर परतीचा चढ चुकत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला गाव वसवताना सायकलचा विचार कोणी केला नव्हता, त्याला आता कोण काय करणार!

मी मार्चमध्ये गिअरची सायकल घेतली आणि पहिल्याच रविवारी समर्थ मंदिरावरून थेट यवतेश्वरचा घाट धरला. दुसऱ्या वळणावर छातीचा भाता झाला. उतरलो, ढकलत निघालो. दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटरसायकलवाला थांबून म्हणाला, "पंक्चर का?" मी म्हटलं, "हो." त्यानं बिचाऱ्यानं टायर चाचपून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला. पुढचे तीन आठवडे सायकल पॅसेजमध्ये होती. तिच्यावर टॉवेल फार छान वाळतात.

आता परत सुरू केलंय. म्हणून विचारतो: तुमचे पहिले तीन महिने कसे गेले? मोठमोठ्या राईडचं नको. काय चुकलं, का सोडली, परत का धरली, ते लिहा. ढकलली असेल तर तेही लिहा, लाजू नका.

*

मी करंज्यातली, वय ४३. शाळेनंतर थेट गेल्या वर्षी सायकलवर बसले. तोल विसरत नाही म्हणतात ते खरं आहे, पण धीर विसरतो. पहिले चार दिवस कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटभोवती पहाटे साडेपाचला फेऱ्या मारल्या, कोणी बघायला नको म्हणून. पाचव्या दिवशी समोरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "अगं, ओढणी बघ!" तोवर ती मागच्या चाकात गेलेली. पडले नाही, पण ओढणीचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून ओढणी घरी.

खरा त्रास गुडघ्याचा झाला. दोन आठवड्यांत वाटीच्या पुढच्या बाजूला ठणका लागायला लागला. घरचे म्हणाले, वय झालं, सोड आता. वयाचा काही संबंध नव्हता. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरले पाहिजेत म्हणून मी सीट पार खाली ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक पॅडलला गुडघा खूप दुमडतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. सायकल दुरुस्त करणाऱ्या दादांनी भिंतीला धरून बसवलं, पॅडल अगदी खाली आणलं आणि त्यावर टाच ठेवायला सांगितली. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पॅडल मारताना गुडघ्यात जेमतेम बाक राहतो, तो बरोबर. सीट चांगली चार बोटं वर गेली. थांबताना सीटवरून पुढं उतरून एक पाय टेकायचा असतो, हे शिकायला आणखी आठवडा गेला. गुडघा मात्र शांत झाला.

नियमितपणाचं म्हणाल तर मी व्यायाम म्हणून जातच नाही. दूध आणायला जाते. आधी कोपऱ्यावरून आणायचे, आता मुद्दाम लांबच्या डेअरीतून आणते, जाऊन येऊन तीनेक किलोमीटर. व्यायामाला सुट्टी देता येते, दुधाला नाही.

*

वरच्या ताईंचं वाचून बरं वाटलं. आमच्या लहानपणी सीटच्या उंचीचा प्रश्नच नव्हता, कारण सीटपर्यंत पोचायचोच नाही. तासाच्या भाड्यानं मोठी काळी सायकल आणायची आणि नळीच्या खालून पाय घालून अर्धं पॅडल मारत पेठेतून हिंडायचं. पुढं नोकरीत २८ वर्षं ॲटलास कंपनीची सायकल वापरली. त्या कारखान्याचं शेवटचं युनिट ३ जून २०२० ला बंद पडलं, आणि ३ जून हा जागतिक सायकल दिन! दैवाला विनोदबुद्धी असते, ती ही अशी.

निवृत्तीनंतर, ६३ व्या वर्षी, परत सुरू करताना आधी डॉक्टरांना विचारलं. रक्तदाबाची गोळी चालू आहे. ते म्हणाले, खुशाल चालवा, पण सोबतच्या माणसाशी बोलता येईल इतपतच दम लागू द्या. सोबत कोणी नसतं, म्हणून मी रामरक्षा म्हणतो. श्लोक मध्येच तुटायला लागला की वेग कमी करतो, नाहीच जमलं तर उतरतो. बोगद्याकडच्या चढावर अजून एकदाही पुरी झालेली नाही.

*

मी कोडोलीच्या एमआयडीसीत कामाला. पेट्रोल परवडंना म्हणून सायकल घेतली, हौस बिऊस काय न्हाय. दुकानदारानं शिल्लक पडलेली गळ्यात मारली, नंतर कळलं फ्रेम माझ्या उंचीला बारकी हाय. घेताना चालवून बगा, नुसता रंग बगू नका, एवढंच सांगतो.

दुसरी चूक हवेची. मी आपला अंगठ्यानं दाबून बगायचो. महिनाभर वाटायचं माझ्याच मांड्यांत दम न्हाय. एक दिवस कंपनीतल्या गड्यानं टायरच्या कडंला लिवलेला हवेच्या दाबाचा आकडा दाखवला, पीएसआय. माझ्या टायरवर ४० ते ६५ लिवलंय आणि आत हवा निघाली २०! भरल्यावर सायकल अशी पळाली की पोवई नाक्यावर ब्रेक लागंना असं वाटलं. आता घरी गेजचा पंप ठेवलाय, दर रविवारी हवा मारतो.

गिअरचं पण सांगतो. चढ अंगावर आल्यावर गिअर टाकायचा न्हाय. पाय जड पडल्यावर बदललं की खाडकन आवाज येतो, न्हायतर चेन पडती. चढ दिसला की आधीच पुढं बारकी चकती, मागं मोठी चकती, आणि बदलताना पॅडलवरचा जोर जरा सोडायचा. पाय भराभर फिरतात, सायकल सावकाश जाती. लोक हसत्यात. हसूं द्या.

रात्रपाळीला मागचा लाल दिवा पायजेच. हायवेला मी जातच न्हाय, सर्व्हिस रोडनंच जातो.

*

पॅडेड शॉर्ट, म्हणजे आतून गादी लावलेली सायकलची चड्डी, घ्या. तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, शिवणी काचतात. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. याहून जास्त तपशील देणार नाही.

*

सांगलीहून लिहितोय, चालेल ना? आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल. त्यामुळे नवशिक्याला सांगली सोपी वाटते, आणि तिथंच फसायला होतं. सपाटीवर थांबायला कारणच नसतं. घाटात उतारावर विश्रांती मिळते तशी इथं मिळत नाही, सलग पॅडल मारावं लागतं. मी पहिल्या दिवशी वाऱ्याच्या पाठीवर मिरजेच्या पुढं कुठल्या कुठं गेलो आणि वाटलं, आपल्यात काहीतरी आहे. परत फिरल्यावर तोंडावर वारा, तेव्हा कळलं की ते वाऱ्यात होतं. आता निघताना वारा तोंडावर घेतो, म्हणजे परतताना तो ढकलतो. मित्र ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब राईड, करतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. मी हरिपूरला संगमावर जातो, कृष्णा-वारणा बघतो आणि परत येतो. भेळेसाठी थांबलो तर ते धरत नाही.

गळीत हंगामात मात्र पहाटे अंधारात निघू नका. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही, आणि बाहेर आलेली उसाची टोकं थेट तोंडाच्या उंचीवर असतात.

*

सगळे चढाचं लिहिताहेत, मी उताराचं लिहिते. यवतेश्वर चढायला मला अडीच महिने लागले आणि उतरताना चार मिनिटांत पडले. जुलै महिना, धुकं, रस्ता ओला. वळण आल्यावर घाबरून ब्रेक आवळला. ओल्या रिमवर आधी काहीच लागलं नाही, मग एकदम लागला, आणि मी वळणातच आडवी. कोपर सोललं, तळहात वाचले कारण ग्लोव्हज होते, आणि हेल्मेटला जी चीर गेली ती मी अजून आईला दाखवलेली नाही.

आता वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच कमी करते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, दाब-सोड करत. पावसात आधी हलकेच दाबून रिम पुसून घेते, मग खरा ब्रेक. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी त्या घाटात पायच ठेवत नाही, गाड्यांची रांग असते आणि ड्रायव्हर रस्त्याकडे कमी, डोंगराकडे जास्त बघत असतात.

*

कुत्री! कोणीच कसं लिहिलं नाही? संगम माहुलीच्या रस्त्याला सकाळी चार जण माझी वाटच बघत असायचे. मी जोरात पळवायचो, ते आणखी जोरात. शेवटी एका म्हाताऱ्या गुराख्यानं सांगितलं, "उतर आन् चाल." उतरलो, सायकल मधे ठेवली, चालत गेलो. चौघं गोंधळून बसलीच. पळणाऱ्या चाकात त्यांना जे दिसतं ते चालत्या माणसात दिसत नाही. याच माहुलीत थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे, तेव्हा त्या गल्लीत मान त्यांचाच, असं मी धरून चालतो.

*

सगळ्यांचं वाचलं. सीट वर घेतली; काकांचा रामरक्षेचा उपाय करून पाहिला, मला येत नाही म्हणून सतराचा पाढा म्हटला. सत्रा सक्कं अडकलं, पण ते शाळेतही अडकायचं.

काल माहुलीला गेलो. जाताना उतार असल्यामुळे फार शहाणा झालो होतो. परतताना कृष्णेच्या पुलापासून चढ सुरू झाला, लहान चकती आधीच टाकली, आणि दोनदा उतरलो. दुसऱ्यांदा उतरलो तर तोच किटल्यांचा मोटरसायकलवाला. यावेळी त्यानं विचारलं नाही, नुसता हॉर्न दिला. गुरुवारी परत जातोय, सहाला पोवई नाक्यावरून. कोणी येणार असेल तर पंप मी आणतो.