मुलीचे नाव ‘इरावती’: अर्थ, उगम आणि नदीच्या नावाविषयीची शंका

वाईकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी नुकतेच कन्यारत्न झाले असून बारशाची तयारी चालू आहे. जन्मनक्षत्र कृत्तिका, दुसरे चरण, त्यामुळे अवकहडा चक्राप्रमाणे ‘ई’ हे आद्याक्षर आले. ईशा, ईशानी, ईश्वरी ही नावे आमच्या नात्यागोत्यात आधीच आहेत आणि पत्नीच्या मनात पहिल्यापासून ‘इरावती’ हे नाव भरलेले आहे. आद्याक्षर पाहताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद धरत नाहीत, असे आमच्या गुरुजींनी सांगितल्यामुळे तो प्रश्न मिटला.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली अर्थाची. नावांच्या पुस्तिका आणि संकेतस्थळे पाहिली, तर कोठे या नावाचा अर्थ ‘वीज’ दिला आहे, कोठे ‘ऐरावताशी संबंधित’, तर कोठे नुसतेच ‘एक नदी’ असे लिहून विषय संपवला आहे. मुलीने उद्या आपल्या नावाचा अर्थ विचारला, तर तिला खात्रीने सांगता येईल असे काही हवे. दुसरी अडचण आमच्या आत्याबाईंची आहे. बारशाला कानात नाव सांगण्याचा मान त्यांचा, आणि त्यांचे म्हणणे असे की, नदीचे नाव मुलीला ठेवू नये, शास्त्रात तसे स्पष्ट सांगितले आहे. त्यांचे मन दुखवून नाव ठेवायचे नाही, पण केवळ ऐकीव गोष्टीवरून मनातले नाव सोडूनही द्यायचे नाही. असे वचन खरोखर आहे काय, असल्यास त्याचा अर्थ काय, आणि हे नाव आज मराठी घरांत कितपत ठेवले जाते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

संस्कृतवाचक

आपल्या घरच्या लेकीला अनेक आशीर्वाद. नाव फार चांगले निवडले आहे आणि त्याचा अर्थ मुळीच संदिग्ध नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘इरा’ या वैदिक शब्दाचा अर्थ अन्न, पोषण करणारा रस, तृप्ती देणारे पेय असा आहे. ‘वती’ हा प्रत्यय एखादी गोष्ट जिच्यापाशी आहे ती, हे दाखवतो. म्हणून इरावती म्हणजे अन्नरसाने समृद्ध असलेली. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील 99 व्या सूक्तात ‘इरावती धेनुमती हि भूतं सूयवसिनी मनुषे दशस्या’ असे शब्द येतात. तेथे द्यावापृथिवींना, म्हणजे आकाश आणि पृथ्वी या दोघींना उद्देशून म्हटले आहे की, मनुष्याच्या हितासाठी तुम्ही अन्नाने समृद्ध, दुभत्या गाईंनी युक्त आणि उत्तम कुरणांच्या व्हा. व्याकरणाच्या दृष्टीने ते वैदिक द्विवचन आहे, पण कानाला ऐकू येते ते थेट आपल्या कन्येचे नाव.

याहूनही मोलाचा उल्लेख अथर्ववेदाच्या आठव्या कांडातील विराज्-सूक्तात आहे. विराज् ही विश्वाची आदिशक्ती एका गाईच्या रूपाने एकेका समूहाकडे जाते आणि प्रत्येक समूह तिला आपापल्या नावाने बोलावतो. असुर तिला ‘माये, ये’ म्हणतात, पितर ‘स्वधे, ये’ म्हणतात, आणि ती मनुष्यांकडे आली तेव्हा मनुष्यांनी तिला ‘इरावत्येहि’, म्हणजे ‘इरावती, ये’ अशी हाक मारली. वैवस्वत मनू तिचे वासरू झाला, पृथ्वी हे दोहनपात्र झाले, आणि वेनपुत्र पृथीने तिच्यापासून जे दोहन केले ते होते शेती आणि धान्य. देवांचे, पितरांचे, असुरांचे नाव वेगळे, आणि माणसांनी ठेवलेले नाव इरावती! मुलीला अर्थ सांगायची वेळ येईल तेव्हा ही एक कथा सांगितली तरी पुरे आहे, असे मला मनापासून वाटते.

‘वीज’ हा अर्थ कोठून आला, तेही सांगतो. अमरकोशात विजेच्या नावांची जी मालिका आहे, तिच्यात शम्पा, शतह्रदा, ह्लादिनी यांच्यापुढे ‘ऐरावती’ हा शब्द येतो. पुस्तिका तयार करणाऱ्यांनी ऐरावती आणि इरावती ही दोन नावे एकच मानली आणि अर्थ एकीकडून दुसरीकडे गेला. ऐरावताशी नाते मात्र खरे आहे, फक्त ते उलट्या दिशेने आहे. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात जटायू रामाला प्राण्यांची वंशावळ सांगतो, तिच्यात भद्रमदेची कन्या इरावती आणि त्या इरावतीचा पुत्र ऐरावत असे आहे. म्हणजे नाव हत्तीवरून मुलीला आलेले नसून आईवरून हत्तीला मिळालेले आहे.

आता आत्याबाईंच्या हरकतीविषयी. असे वचन आहे, त्या निराधार बोलत नाहीत, आणि हे त्यांना आवर्जून सांगावे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ‘नर्क्षवृक्षनदीनाम्नीं’ असा श्लोक आहे. परंतु तो वधू निवडण्याच्या प्रकरणातला आहे, नामकरणाचा नाही. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप यांची नावे असलेली वधू पाहू नये, असे तेथे म्हटले आहे. हा नियम अक्षरशः पाळायचा झाला तर रोहिणी, रेवती, चित्रा, स्वाती, मैना यांपैकी एकही नाव घरात उरणार नाही. मुलीच्या नामकरणाचा श्लोक त्याच स्मृतीत दुसऱ्या अध्यायात आहे: ‘स्त्रीणां सुखोद्यमक्रूरं विस्पष्टार्थं मनोहरम्’. नाव उच्चारायला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मन रमवणारे, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वाद सांगणारे असावे, एवढीच तेथे अपेक्षा आहे. इरावती या प्रत्येक कसोटीला उतरते. घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या पारस्कर गृह्यसूत्रात मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत आणि शेवटी ‘आ’ असावा असेही आहे. त्यात हे चार अक्षरी, ईकारान्त नाव बसत नाही, पण मग सरस्वती, अरुंधती आणि गोदावरीही बसत नाहीत.

आपण वाईचे, म्हणून आणखी एक लिहितो. ज्या गावात नदीलाच कृष्णाबाई म्हणतात आणि घाटाघाटांवर तिचा उत्सव बसतो, तेथे नदीचे नाव लेकीला अशुभ कसे ठरेल? आपल्या पणज्यांच्या पिढीत गंगा, यमुना, गोदावरी, नर्मदा, भागीरथी नावाची बाई नव्हती असे घर शोधावे लागेल. त्यांची लग्ने झाली, संसार झाले, आणि कोणी तो श्लोक काढून दाखवला नाही.

रत्नागिरीचा वाचक

वरील प्रतिसादात नदीविषयी फारसे आले नाही, म्हणून भर घालतो. इरावती नावाची नदी एक नसून दोन आहेत, आणि मराठी घरात हे नाव ज्या वाटेने ठळक झाले ती दुसऱ्या नदीची वाट आहे.

पहिली इरावती म्हणजे पंजाबची रावी. हिमाचलात बडा भंगालच्या परिसरात उगम पावून, चंब्याला वळसा घालून ती लाहोरकडे जाते. ऋग्वेदात तिचे नाव परुष्णी आहे आणि सुदास राजाचे दहा राजांशी युद्ध तिच्याच काठी झाले. यास्काचार्यांनी निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात ‘इरावतीं परुष्णीत्याहुः’ असे स्वच्छ लिहून दोन्ही नावे जोडून दिली आहेत. अलेक्झांडरबरोबर आलेल्या ग्रीकांच्या परंपरेत तिला ‘हिड्राओटीस’ म्हटले आहे, तेही इरावतीचेच त्यांच्या कानाला जसे लागले तसे रूप. पुढे बोलीत आरंभीचा इकार गळाला आणि रावी उरली.

दुसरी म्हणजे ब्रह्मदेशाची, आजच्या म्यानमारची, सर्वांत मोठी नदी. तिचे नाव संस्कृत-पालीच्या वाटेने तिकडे गेले. इंग्रजांनी तिचे ‘इरावडी’ केले, आणि 1989 मध्ये तेथील सरकारने इंग्रजी लेखनासाठी ब्रह्मी उच्चाराला जवळचे ‘एयावडी’ हे रूप ठरवले. आमच्या रत्नागिरीला ही नदी परकी नाही. 1885 च्या नोव्हेंबरात ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडली, तेव्हा तेथील शेवटचा राजा थिबा याला याच नदीतून आगबोटीने खाली नेण्यात आले, आणि पुढल्या वर्षी तो रत्नागिरीला नजरकैदेत आला तो 1916 मध्ये मरेपर्यंत येथेच राहिला. थिबा पॅलेस पाहायला येणारे पुष्कळ, पण त्या राजाचा मायदेशातला शेवटचा प्रवास इरावतीवरून झाला, हे थोड्यांना ठाऊक असते.

ब्रह्मदेश 1937 पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता, त्यामुळे नोकरीनिमित्त तिकडे गेलेली मराठी कुटुंबे होती. त्यांपैकी करमरकरांच्या घरी 15 डिसेंबर 1905 रोजी, नदीकाठच्या म्यिंजान गावी मुलगी झाली आणि नदीवरूनच तिचे नाव इरावती ठेवले. याच पुढे डॉ. इरावती कर्वे. बालपणीच त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवले गेले, रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या, बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतल्या, आणि 1939 पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातील जाती, नाती आणि माणसे यांचा जो अभ्यास केला तो आजही पायाभूत मानला जातो. महाभारतातील व्यक्तींवरच्या त्यांच्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझे मत असे की, मराठी माणसाच्या कानाला इरावती हे नाव आज ओळखीचे वाटते, ते नदीपेक्षा या एका बाईंमुळे. वेदातले नाव ब्रह्मदेशात नदीला लागले आणि तेथून एका मराठी मुलीच्या रूपाने पुण्याला आले. आपल्या कन्येला आणखी कोणता वारसा हवा?

नाट्यप्रेमी

चर्चा वाचून एक शंका मांडावीशी वाटते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त इरावती ही अग्निमित्र राजाची धाकटी राणी आहे. तिसऱ्या अंकात ती मद्य घेतलेल्या अवस्थेत प्रमदवनात येते, राजाला त्याचे मन जिच्यावर जडले आहे त्या मालविकेजवळ पाहते आणि संतापून त्याच्यावर मेखला उगारते. शिवाय अमरकोशात ‘इरा भूवाक्सुराप्सु स्यात्’ असे आहे, म्हणजे इरा या शब्दाच्या अर्थांत मद्यही येते. नाव ठेवण्यापूर्वी ही बाजूही वाईकरांना ठाऊक असावी.

संस्कृतवाचक

आपण दिलेले दोन्ही संदर्भ बरोबर आहेत, आणि कालिदासाने त्या अंकात नावाचा हा अर्थ मनात धरला असावा असे मलाही वाटते. मात्र अमरकोशाची ती ओळ पूर्ण वाचावी. भू, वाक्, सुरा आणि अप्, म्हणजे पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी असे चार अर्थ तेथे आहेत. जे पिऊन तृप्ती होते ते सर्व ‘इरा’, हा मूळ भाव धरला की सुरा त्यात येणारच. विष्णुपुराणात तर इरा ही कश्यपाची पत्नी असून वृक्ष, लता, वेली आणि सर्व तृणजाती तिच्यापासून झाल्या असे सांगितले आहे.

त्या राणीविषयीही माझे मत थोडे निराळे आहे. फसवणूक डोळ्यांनी पाहिल्यावर पट्टराणी धारिणीप्रमाणे ती गिळून बसत नाही, राजाला तोंडावर बोलते. मला ती नाटकातील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा वाटते. आणि ती नकोच असेल, तर भागवताच्या पहिल्या स्कंधातील इरावती आहे: विराटपुत्र उत्तराची कन्या, परीक्षिताची पत्नी आणि जनमेजयाची माता. महाभारतात जनमेजयाच्या आईचे नाव माद्रवती आहे, पण भागवत वाचणाऱ्या घराला ही इरावती जवळची वाटेल. आत्याबाई भागवत ऐकत असतील, तर त्यांना तोच श्लोक दाखवावा: ‘स उत्तरस्य तनयामुपयेम इरावतीम्’.

नोंदणीचे काम पाहिलेली

मी नगरपालिकेत जन्मनोंदणीचे काम केले आहे, म्हणून केवळ व्यवहारापुरते लिहिते.

नावाच्या प्रचाराविषयी: ‘इरा’ हे सुटे नाव अलीकडे पुष्कळ घरांत ठेवलेले दिसते, पूर्ण ‘इरावती’ मात्र क्वचित. अभिनेत्री इरावती हर्षे यांच्यामुळे ते नव्या पिढीच्याही कानावर आहे, त्यामुळे शाळेत कोणाला उच्चार समजावून सांगावा लागेल असे वाटत नाही. ऐकणारा कधी ‘ऐरावती’ लिहितो, तेवढे जपावे. घरी इरा किंवा इरू आपोआप होईलच.

इंग्रजी लेखन मात्र आधी पक्के करावे. मधला ‘व’ काही जण ‘व्ही’ने लिहितात, काही ‘डब्ल्यू’ने, आणि शेवटच्या ‘ती’ला कोणी ‘टी-आय’ लावतो, कोणी ‘टी-एच-आय’. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे झाले की, पुढे पारपत्राच्या वेळी प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. इरावती कर्वे यांचे नाव ‘डब्ल्यू’ने लिहितात, पण आपण कोणतेही एक रूप घ्यावे आणि कागदावर लिहून देऊन अर्जातील अक्षरन् अक्षर स्वतः तपासावे.

घाईचे कारण नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले नसले तरी चालते. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. आणि बारशात देवतानाव, मासनाव, नक्षत्रनाव आणि व्यवहाराचे नाव अशी चार नावे ठेवण्याची रीत आपल्याकडे आहेच. नक्षत्रनाव आत्याबाईंना निवडू द्यावे, त्यांच्या मनासारखे ‘ई’चे, आणि व्यवहारात इरावती ठेवावे. मानही राहील आणि नावही.

वाईकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अथर्ववेदातील कथा आणि भागवतातील श्लोक काल रात्री आत्याबाईंना वाचून दाखवले. मनुस्मृतीचा श्लोक खरोखर आहे हे ऐकून त्यांना बरे वाटले, आणि तो वधूपरीक्षेचा आहे हे त्यांनी मान्य केले. नक्षत्रनाव ‘ईश्वरी’ त्यांनी स्वतः सुचवले आहे. ‘इरावत्येहि’ हे शब्द पाळण्याच्या गाण्यात घालता येतील काय, असे आता त्याच विचारत आहेत. अशी ओवी कोणी रचून दिली, तर आमच्यावर उपकार होतील.